लाईटहाऊसचं वेड आणि पोटापाण्याचा प्रश्न : रत्नागिरीच्या एका बाबांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं पत्र आणि सोबत मुलीने लिहिलेली चार पानं, दोन्ही नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, दादा एसटीत ड्रायव्हर आहेत, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत, मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला, विषय इतिहास. गेल्या वर्षापासून ती शनिवार-रविवार शेजारच्या गाईड काकांबरोबर जाते, पर्यटकांना रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, जयगड दाखवते, पॉकेटमनी सुटतो. आता म्हणते एमपीएससी नको, बीएड नको, मी गाईडच होणार आणि लाईटहाऊस बघत बघत कोकणातून फिरवणारी टूर काढणार. दादा विचारतायत हे करिअर आहे की टाईमपास, आणि लाईटहाऊस एवढं आवडतंय तर तिथेच सरकारी नोकरी मिळेल का. आणि रोड ट्रिपचं वेड हिला कुठून लागलं काय माहिती, असंही लिहिलंय. दादा, लहानपणी सुट्टीत तिला तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून देवगडपर्यंत कोण न्यायचं हे तुम्हीच पत्रात लिहिलंय की.

नोकरीचं आधी सांगतो, ते लवकर संपेल. देशातली दीपगृहं केंद्र सरकारचं दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालय चालवतं, मुख्यालय नोएडाला, बंदरं आणि जहाजवाहतूक मंत्रालयाच्या खाली. तिथल्या साईटवरच्या जागा बहुतेक तांत्रिक, इलेक्ट्रॉनिक्स-इलेक्ट्रिकल शिकलेल्यांच्या. तेलाचा दिवा लावायला रोज जिना चढणारा माणूस आता राहिला नाही, एलईडी आले, ऑटोमेशन आलं, दुरून मॉनिटरिंग होतं. इतिहासाच्या बीएवर तिथे शिरायला फारशी वाट नाही, आणि वाट असती तरी मी सांगितलं नसतं, कारण तिची पानं वाचल्यावर स्पष्ट दिसतं की तिला दिवा सांभाळायचा नाहीये, त्याच्याबद्दल लोकांना सांगायचंय, आणि या दोन वेगळ्या आवडी आहेत.

आता ती काय सांगते ते बघा. ती लिहिते की संध्याकाळी भाट्याच्या बाजूला पर्यटकांना उभं करते आणि रत्नदुर्गावरची बत्ती, म्हणजे लाईटहाऊसचा दिवा, लागली की सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावून सेकंद मोजायला सांगते. मग सांगते की प्रत्येक लाईटहाऊसची लुकलुकायची पद्धत वेगळी असते, किती सेकंदांनी किती फ्लॅश हे ठरलेलं आणि छापलेलं असतं, त्यावरून तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, अंधारात कळतं की समोर रत्नागिरी आहे का जयगड. दादा, हे कोणी शिकवून येत नाही. बहुतेक गाईड उंची सांगतात, बांधल्याचं साल सांगतात आणि फोटो काढा म्हणतात. ही लोकांना कामाला लावते, आणि स्वतः सेकंद मोजलेला माणूस ते घरी जाऊन दहा जणांना सांगतो.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. तिने प्रश्न टाकलाय की आपल्याकडे किल्ला आणि बत्ती एकाच डोंगरावर का असतात. रत्नदुर्ग घ्या, देवगड घ्या, कोर्लई, खांदेरी, गोव्यातला आग्वाद घ्या, सगळीकडे जोडीने. उत्तर साधं आहे, किल्ल्यावरून लांबचं दिसायला हवं आणि बत्ती लांबून दिसायला हवी, दोघांना उंच आणि समुद्रात घुसलेली जागा लागते. पृथ्वी गोल असल्यामुळे पाण्यापासून 100 मीटरवरचा दिवा साधारण 20 सागरी मैलांवरून दिसू शकतो, म्हणजे 37 किलोमीटरच्या आसपास, दिवा तेवढा दमदार असेल तर. म्हणजे खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तटबंदी घातली, आणि 1867 मध्ये त्याच इंग्रजांनी त्याच बेटावर दीपगृह उभं केलं, दोघांची नजर मुंबईच्या तोंडावर. आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांचा, 1612 चा, त्यावरचं जुनं दीपगृह 1864 चं. हे असं जोडून सांगणं म्हणजे इतिहास, नाहीतर सनावळी गुगलवर आहेच.

तिच्या टूरला अजून एक धागा मी सुचवतो, बघा पटतोय का. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 ला, त्याच्या आधी आणि रस्ते धड नव्हते तेव्हा कोकणी माणूस मुंबईला जायचा तो बोटीने, भाऊच्या धक्क्याला उतरायचा. जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला ही सगळी बोटीची बंदरं, आणि त्या बोटी रात्री कशाच्या भरवशावर चालायच्या तर या बत्त्यांच्या. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. जुन्या घरांत अजून कोणीतरी असतं ज्याला बोटीचा प्रवास आठवतो, डेकवरची गर्दी, उलट्या, पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला उतरणं. ती माणसं आता वयस्कर झाली आहेत. तिला म्हणावं आधी त्यांच्याकडे जा, मोबाईलवर रेकॉर्ड कर, परवानगी घेऊन. हे पुढच्या पाच वर्षांत करायचं काम आहे, टूर नंतर पण निघेल.

आता जिथे मला खटकलं ते. तिने लिहिलंय की विजयदुर्गावर 1868 च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने, म्हणजे एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, हेलियम शोधला आणि ती हे पर्यटकांना अभिमानाने सांगते. सगळेच सांगतात, किल्ल्यावर साहेबाचे कट्टे दाखवतात. पण 18 ऑगस्ट 1868 चं ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली, ग्रहण नसताना. लॉकियर विजयदुर्गला खरंच आला होता, पण तो जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, मोठी मोहीम घेऊन. तोपर्यंत रॅमझे या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्ये हेलियम पृथ्वीवर वेगळा करूनसुद्धा दाखवला होता. म्हणजे साहेब खरा, ग्रहण पण खरं, फक्त दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली. खरी हकीकत सांगायला काही कमी मजेदार नाहीये, उलट ऐकणाऱ्याला कळतं की ही पोरगी तपासून बोलते. गाईडला डिग्री कोणी विचारत नाही, पण ग्रुपमध्ये एखादा फिजिक्सचा प्रोफेसर निघाला आणि त्याने चूक पकडली की पुढचं सगळं बोलणं वाया. मला तिच्याकडून एवढीच एक सवय हवी आहे, प्रत्येक गोष्टीपुढे वहीत लिहायचं की हे कुठून कळलं, कागदातून, पुस्तकातून का गावातल्या आजोबांकडून. आजोबांची गोष्ट पण सांगायची, फक्त "गावात असं सांगतात" म्हणून सांगायची.

आता पैशाचं, कारण तुमची खरी चिंता ती आहे आणि ती बरोबर आहे. कोकणात गाईडचा धंदा बारमाही नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, तेव्हा माणूस पुरत नाही, आणि जून लागला की सिंधुदुर्ग, जंजिरा सगळ्या बोटी बंद, सप्टेंबरपर्यंत. नुसत्या मुंबई-पुण्याच्या वीकेंडवाल्यांवर घर चालवायचं म्हटलं तर नाही चालणार, हे मी तिला तोंडावर सांगीन. पण मधली एक सीझन लोक विसरतात, शाळेच्या सहली. दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर शाळा फिरतात, एसटी त्यांना निम्म्या भाड्यात गाडी देते हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही किती सहली नेल्या असतील. त्या सहलींना गाईड नसतो हो. मास्तर शिट्टी वाजवतात, पोरं पळतात, डबे खातात आणि परत. एका गाडीमागे ठरावीक रक्कम घेऊन दिवसभर पोरांना गुंतवून ठेवणारी मुलगी मिळाली तर मुख्याध्यापक पुढच्या वर्षी स्वतः फोन करतील. पावसाळ्यात शहरातल्या शहरात पायी फेरी, पतितपावन मंदिर, टिळकांचं जन्मस्थान, छत्री घेऊन, आणि उरलेल्या वेळात वाचन आणि पुढच्या सीझनची तयारी.

कागदपत्रांचं पण बघा, हे तिच्या पानांत कुठेच नाहीये. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत पैसे घेऊन लोकांना फिरवायचं तर लायसन्स लागतं, 1959 च्या नियमांतच आहे ते. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे तिन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, 2025 मध्ये ज्या बारा मराठा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यातही ते आहेत, तेव्हा आता तिथे नजर जास्त असणार. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा इन्क्रेडिबल इंडिया नावाने गाईडचा ऑनलाईन सर्टिफिकेट कोर्स आहे, घरबसल्या करता येतो, तो बीएची परीक्षा झाली की लगेच भरायचा. आणि लाईटहाऊस म्हणजे चालू सरकारी आस्थापना, ठराविक वेळेत तिकीट काढूनच वर सोडतात, म्हणून टूर ठरवायच्या आधी तिथल्या ऑफिसला भेटून ओळख करून ठेवायची. सरकारला पण आता दीपगृहांवर पर्यटन हवंय, 2023 ला पहिला दीपगृह महोत्सव आग्वादलाच झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये देशातल्या 75 दीपगृहांवर पर्यटकांच्या सोयी सुरू केल्या. तेव्हा वारं तिच्या बाजूचं आहे.

गाडीबद्दल मात्र कडक सांगतो. ती लिहिते की "बाबांची व्हॅन आहेच, त्यातून सहा जण नेऊ". नाही न्यायचे. पांढऱ्या नंबरप्लेटच्या, म्हणजे खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेणं बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. सुरवातीला लोकांनी आपापल्या गाड्या आणाव्यात, ही पुढच्या गाडीत बसेल, रस्ता आणि गोष्टी हिच्या, गाडी त्यांची. रोड ट्रिप करणाऱ्यांना तेच आवडतं. तवसाळ-जयगड फेरीबोटीने शास्त्री नदी ओलांडायची, दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी, गाडीसकट बोटीत चढायचं, पुण्यामुंबईच्या पोरांना यातच अर्धी ट्रिप वसूल वाटते. हायवेच्या कामाला शिव्या देत येतात आणि किनाऱ्याच्या रस्त्याला लागले की गप्प होतात. तुम्ही रिटायर झाल्यावर टुरिस्ट परमिटची गाडी घ्यायची का ते तेव्हा बघा, तिच्या नावावर धंदा असेल तर पर्यटन संचालनालयाची महिलांसाठी आई योजना आहे, 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो, अटी वाचून घ्या. पण आज कर्ज नाही म्हणजे नाही.

शिक्षण बीएवर थांबवू नका. मला विचाराल तर एक भाषा आणि एक लिपी. मोडी शिकली तर आंग्र्यांच्या काळातली कागदपत्रं स्वतः वाचता येतील, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात. भाषा म्हणाल तर सगळे जर्मन-फ्रेंच घेतात, ते पण चांगलं, पण या किनाऱ्यावर पोर्तुगीज येणारी गाईड किती सापडतील? कोर्लईत अजून पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली घराघरात बोलतात, आणि पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज कागदांचे ढीग आहेत. अभ्यास जमला तर पुढे डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एमए, धंद्याकडे कल राहिला तर आयआयटीटीएम, म्हणजे पर्यटन व्यवस्थापन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था, त्यांचा एक कॅम्पस गोव्यातच आहे. हे आज ठरवायची गरज नाही.

एमपीएससीचं म्हणाल तर तिचं मन नसताना क्लासची फी भरू नका. तिला दिवाळी ते पुढची दिवाळी असं एक पूर्ण वर्ष द्या, म्हणजे पावसाळा पण त्यात येईल आणि रिकामे महिने कसे असतात ते तिला कळेल. जमाखर्च तिने लिहायचा, महिन्याच्या शेवटी तुम्हाला दाखवायचा, पेट्रोल, रिचार्ज, फेरीचं तिकीट सगळं धरून. वर्षाअखेर आकडे बघून दोघांनी बोला, आईला पण बसवा, तिचं मत पत्रात कुठे आलं नाही. तोवर बीएड किंवा एमएचा दरवाजा कुठे पळून जात नाही.

शेजारच्या काकांचं पण विचारलंत, की त्यांचं गिऱ्हाईक आपण घेतोय असं वाटेल का. वाटू शकतं. म्हणून तिने थिबा पॅलेस-रत्नदुर्गची त्यांची नेहमीची टूर करूच नये, बत्त्या आणि बोटी हा तिचा वेगळा विषय आहे, आणि जी टूर तिच्याकडे येईल पण तिच्या विषयाची नसेल ती काकांकडे पाठवायची, तसं त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

पहिली ट्रिप दोन गाड्यांची ठेवा, जास्त नको, आणि मे महिन्यात तर मुळीच नको, फेरीच्या लाईनीत तास तास जातो आणि दोन गाड्या दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत गेल्या की गाईड एका किनाऱ्यावर आणि अर्धे पर्यटक दुसऱ्या. नोव्हेंबर बघा.