सात मात्रांचा रिफ अडखळल्यासारखा का वाटतो?

तुमचा रिफ (गिटारवर परत परत येणारा छोटा तुकडा) ७/८ मध्ये, म्हणजे सात एट्थ नोटच्या (अर्ध्या बीटच्या नोटच्या) चक्रात आहे आणि ड्रम्सही त्याच्याबरोबर सातच मोजतायत, म्हणून तो लंगडतो. ड्रम्स ४/४ मध्येच (चार बीटचा एक बार) ठेवा: सिंबल प्रत्येक बीटवर, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) फक्त तिसऱ्या बीटवर. गिटारने मात्र सातच वाजवायचे. स्वीडनच्या मेशुगा या बँडची बरीच गाणी अशीच चालतात. डोकं स्नेअरवर हलत राहतं आणि रिफ त्याच्याखालून सरकत जातो.

लो ई तारेवर (सगळ्यात जाड तार) करून बघा, आकडे म्हणजे फ्रेट आणि ० म्हणजे खुली तार: ०-०, ३-०, ०-०-१. म्हणजे २+२+३ एट्थ नोट. खुली तार पाम म्यूट (तळहाताची कड तारेवर टेकवून दबका आवाज), ३ आणि १ मोकळे आणि जोरात. चार बारमध्ये ३२ एट्थ नोट बसतात. सात चोक अठ्ठावीस, उरल्या चार. खरी गंमत या उरलेल्या चारांत आहे! तिथे रिफचा पहिला तुकडाच (०-०, ३-०) परत वाजवा, की पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्याला सगळे एकत्र समेवर येतात. तबल्याची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) ऐकलेल्या कानाला हे सुख ओळखीचं वाटेल.

आधी ७० बीपीएमवर (मिनिटाला ७० बीट), पायाने ताल धरून. नोट्स नंतर हव्या तेवढ्या बदला.