बिलांचे मेल, एक्सेल आणि पॉवर ऑटोमेट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत अकाउंट्सला आहे. बी.कॉम. झालंय, कोडिंगशी काडीचा संबंध नाही. रोज व्हेंडरची बिलं मेलवर येतात, ती डाउनलोड करायची, फोल्डरला टाकायची, एक्सेलला एंट्री मारायची आणि मग अप्रूव्हलसाठी साहेबांच्या मागे लागायचं. आता साहेब म्हणतात, आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहेच, पॉवर ऑटोमेट शिकून घ्या. यूट्यूबवर बघितलं तर डोकं गरगरलं. माझ्यासारखीला जमेल का? आणि सगळं आपोआप व्हायला लागलं तर मला ठेवतील का?

उत्तर: जमेल हो ताई. पॉवर ऑटोमेट म्हणजे एकदा सांगून ठेवलेली ठरावीक कामं आपोआप करणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, आणि त्यात रचलेल्या कामांच्या साखळीला म्हणतात फ्लो. एक्सेलमध्ये इफ लावता येत असेल तर कंडिशन म्हणजे काय ते तुम्हाला आधीच माहितीय. काय झालं की सुरू व्हायचं तो ट्रिगर, आणि मग काय काय करायचं त्या ॲक्शन, बाकी सगळा पसारा या दोघांचाच. व्हिडिओत ‘मायक्रोसॉफ्ट फ्लो’ असं नाव दिसलं तर तो व्हिडिओ सोडा, २०१६ला आलं तेव्हा ते नाव होतं, २०१९ला बदललं, आणि स्क्रीनही आता तशी राहिलेली नाही.

पण कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी एक करा, आज तुम्ही हे काम कसं करता ते कागदावर लिहून काढा, अगदी बारीकसारीक. पीओ (परचेस ऑर्डर) नंबर नसलेलं बिल आलं तर काय करता? एका मेलमध्ये चार बिलं आली तर? साहेब सुट्टीवर असले तर कुणाला पाठवता? या प्रश्नांना "ते बघावं लागतं" असं उत्तर येत असेल तर तेवढा भाग फ्लोमध्ये घालूच नका. जे ऑफिसातच ठरलेलं नाही ते सॉफ्टवेअर कुठून ठरवणार.

पहिला फ्लो फक्त एवढाच करा: अटॅचमेंट असलेला मेल आला की ती फाइल शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्ट ३६५मधली ऑफिसच्या फायली ऑनलाइन ठेवायची जागा) फोल्डरमध्ये सेव्ह व्हावी. यातच दोन दिवस जातील, जाऊ द्या. आउटलुकच्या ट्रिगरमध्ये ‘इन्क्लूड अटॅचमेंट्स’ला ‘येस’ करायचं राहिलं तर फाइलमधला मजकूर फ्लोपर्यंत येतच नाही. ते केलंत की दुसरी गंमत, व्हेंडरच्या सहीखाली जो कंपनीचा लोगो असतो ना, तोही अटॅचमेंट म्हणून येतो आणि बिलांच्या फोल्डरमध्ये ‘इमेज००१’ नावाच्या चित्रांचा खच पडतो. म्हणून कंडिशन लावा, फाइलचं नाव .पीडीएफने संपत असेल तरच सेव्ह कर. आणि नावापुढे तारीख-वेळ जोडाच, कारण निम्मे व्हेंडर ‘इनव्हॉइस’ हेच नाव देऊन मोकळे होतात.

ही तारीख-वेळ मात्र यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे तीनला आलेला मेल फ्लोच्या हिशोबात ३१ मार्चचा, अकाउंट्सवाल्यांना याचा अर्थ सांगायला नको! ‘कन्व्हर्ट टाइम झोन’ अशी ॲक्शन आहे, तिथे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असा पर्याय निवडायचा.

हे नीट चाललं की मग अप्रूव्हल जोडा. साहेबांना मेलवर किंवा टीम्सवर अप्रूव्ह-रिजेक्टची बटणं जातात, मागे लागायचं काम बरंच कमी होतं. पण एक फ्लो जास्तीत जास्त ३० दिवस थांबतो, तोवर साहेबांनी बटण दाबलं नाही तर तो टाइमआउट होऊन फेल जातो, तेव्हा मधे एखादा रिमाइंडर ठेवा. ॲक्शनवर ‘प्रीमियम’ लिहिलेलं दिसलं तर तिला वेगळं लायसन्स लागतं. तुमच्या कामाला आउटलुक, शेअरपॉइंट, एक्सेल आणि अप्रूव्हल्स पुरे, ते सगळं स्टँडर्डमध्ये आहे.

एक महिना हातानंही एंट्री करत राहा आणि दोन्ही याद्या ताडून बघा. आणि फ्लोला अजून एक को-ओनर नेमा, कारण सगळी कनेक्शन तुमच्या लॉगिनवर चालतात, पासवर्ड बदलला की अडकतात आणि तुम्ही रजेवर असाल तर फोन तुम्हालाच.

नोकरीचं म्हणाल तर टायपिंगचं काम जाणार, त्यात खोटं काय बोलायचं. पण जीएसटी चुकीचा लावलाय म्हणून व्हेंडरला फोन करून बिल बदलून घेणं फ्लोला जमत नाही. तो फ्लो तुम्ही बांधलेला असणं हे बाहेरच्या माणसाने बांधण्यापेक्षा तुमच्या फायद्याचं आहे, म्हणून साहेबांनी दुसरं कुणी बघायच्या आत हो म्हणा.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. एक्सेलमधून यादी वाचून रिमाइंडर पाठवणारा फ्लो केला, पण खालच्या ओळींना मेल जातच नाही आणि तारखेच्या जागी ४५६५८ असलं काहीतरी येतं. एरर मात्र काहीच नाही.

उत्तर: दोन्ही नेहमीचे घोळ. एक्सेलच्या ओळी वाचणारी ॲक्शन मुळात २५६ ओळींवरच थांबते आणि वर सगळं हिरवं दाखवते, म्हणून एरर दिसत नाही. तिच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पेजिनेशन (ओळी टप्प्याटप्प्याने पुढे वाचत जाणं) ऑन करा आणि मर्यादा वाढवा. ४५६५८ म्हणजे १ जानेवारी २०२५, एक्सेल तारीख आतमध्ये दिवसांचा आकडा म्हणूनच ठेवतं. त्याच ॲक्शनच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘डेटटाइम फॉरमॅट’ आहे, तिथे आयएसओ ८६०१ (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख) निवडा.

प्रश्न: इचलकरंजीला सुताचा व्यापार आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ नाही, जीमेल आणि टॅली बस. एक जण म्हणतो टॅलीत एंट्री मारणारा बॉट करून देतो आणि भरपूर पैसे सांगतोय. घ्यावा का?

उत्तर: आधी टॅलीची व्हर्जन बघा. टॅली प्राइम ४.० पासून एक्सेलमधून व्हाउचर थेट इम्पोर्ट करता येतात, तेवढ्यानं भागत असेल तर बॉट कशाला हवा? नसेलच भागत तर विंडोज ११मध्ये पॉवर ऑटोमेटचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट मिळतं, ते स्क्रीनवर तुमच्यासारखंच क्लिक करतं, टाइप करतं. फुकटातलं स्वतः चालू करावं लागतं, ठरल्या वेळी आपोआप चालत नाही, आणि ते चालू असताना माऊस-कीबोर्डला हात लावायचा नाही. टॅलीची स्क्रीन बदलली की बॉट अडखळतो, म्हणून त्या माणसाला एवढंच विचारा की पुढचं अपडेट आल्यावर दुरुस्ती कोण करणार आणि कितीला, आणि उत्तर लेखी घ्या.