गोळ्यांनी पिशवी वाळते का?

सुरेखानं (नाव बदललंय) टेबलावर रुमालाची गाठ सोडली. आत माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, घडी घालून, रबर लावून जपलेली. "ताई, एवढ्या खाल्ल्या मी. आत्ती म्हणतात, पिशवी वाळली. खरं सांगा, आता काही होणार नाही ना?"

वय 27, लग्नाला चार वर्षं. पहिली दोन वर्षं नवराबायकोनं ठरवून गोळ्या घेतल्या, कारण घराचं कर्ज होतं. गोळ्या बंद करून दीड वर्ष झालं तरी दिवस राहिले नव्हते. ठरवलं दोघांनी होतं, ऐकून मात्र तिला एकटीलाच घ्यावं लागत होतं.

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातोच. मी तिचंच एक पाकीट हातात घेतलं. 28 गोळ्या. त्यातल्या 21 हार्मोनच्या, त्या बीजकोशातून बीज बाहेर पडू देत नाहीत. उरलेल्या 7 नुसत्या लोहाच्या, रोजची सवय मोडू नये म्हणून. "बघ, रोज एक घ्यावी लागते, कारण ती शरीरात साठत नाही. साठली असती तर एखादी चुकल्यावर धोका कशाला राहिला असता?" ती पाकिटाकडे बघत राहिली. बंद केल्यावर बहुतेक जणींचं बीज एक ते तीन महिन्यांत पुन्हा सुटायला लागतं. तांबी काढली की तेवढाही वेळ लागत नाही. उशीर होतो तो तीन महिन्यांच्या 'अंतरा' इंजेक्शननंतर. शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने जाऊ शकतात, पण तोही उशीरच, वांझपण नव्हे.

तिची पाळी नियमित होती. सोनोग्राफी दोनदा झालेली, नळ्यांचा एक्स-रेही झालेला, सगळं ठीक. मग मी विचारलं, "मालकांची तपासणी?"

"त्यांची कशाला?"

मला राग येतो तो इथं. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं नाहीतर बाईच्या कारणासोबत. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर (बाई पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिन्यांत) दोघांची तपासणी एकदमच सुरू व्हायला हवी. वीर्याच्या तपासणीत सुई नाही की दुखणं नाही, फक्त दोन ते सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत. तरी बाईच्या नळ्यांत औषध सोडून होतं आणि ही साधी तपासणी राहूनच जाते.

पुढच्या वेळी तो आला. कोल्हापूरजवळच्या फाउंड्रीत भट्टीवर काम, खिशात माव्याची पुडी. खाली मान घालून बसला होता. "माझ्यात काय कमी आहे असं तुम्हाला वाटतं?" मी म्हटलं, "दादा, मला काहीच वाटत नाही. म्हणून तर तपासायचं." अंडकोश शरीराबाहेर असतात ते थंड राहावेत म्हणून, पुरुषबीज (शुक्राणू) बनायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. भट्टीसमोर आठ तास कसे जातात ते मग तोच सांगू लागला.

वीर्याच्या एका मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. त्याचा आकडा आला 70 लाख, हालचालही मंद. एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत आणि नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टरांनी मावा बंद करायला सांगून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. त्यानं भट्टीवरून फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला, बदली मागून घेतली. आणि रिपोर्ट स्वतःच्या तोंडानं आईला सांगितला. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही, असं सुरेखा म्हणाली.

दुसऱ्या तपासणीत आकडा 1 कोटी 10 लाखांवर गेला. अजून कमीच आहे. डॉक्टरांनी आययूआयचा विचार सुचवलाय, म्हणजे निवडक बीज नळीवाटे थेट गर्भाशयात सोडायचं. दोघं विचार करताहेत. दिवस अजून राहिलेले नाहीत.

मागच्या मंगळवारी सुरेखा पुन्हा आली, सोबत जाऊ, कडेवर तिचं तीन महिन्यांचं बाळ. अंगावर पाजतेय, लगेच दुसरं नको, पण गोळ्यांची भीती. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने माला-एन देत नाहीत, म्हणून मी तांबी आणि 'छाया' गोळी समजावून सांगितली. 'छाया'त हार्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग एकदा. जाऊ हळूच म्हणाली, "पण पिशवी..."

मी तोंड उघडायच्या आत सुरेखाच म्हणाली, "न्हाई वाळत गं. मी विचारलंय."