ओसाकाहून एका दिवसात क्योटो : फिरणं, जेवणाच्या रीती आणि शाकाहाऱ्याची सोय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ओसाकात शिकताय, सुट्टीचा एकच दिवस हाताशी आहे, खर्च बेताचा हवा आणि मांस-मासे चालत नाहीत. माझा सल्ला, जेवणाचं आधी ठरवा आणि त्याभोवती देवळं बसवा.

फिरण्यासाठी पहाटे निघा. जेआर रेल्वेची शिन-काइसोकु ही जलद गाडी अर्ध्या तासात क्योटोला पोचवते आणि तिला जादा आकार नाही, त्यामुळे शिन्कान्सेनचा (बुलेट ट्रेनचा) खर्च वाचतो. तिथून नारा मार्गावरच्या लोकलने दुसरं स्टेशन इनारी. जलद गाडी तिथे थांबत नाही, म्हणून चढण्याआधी फलक वाचा. तिथलं फुशिमी इनारी देवस्थान चोवीस तास उघडं असतं आणि तिकीट नाही. सातच्या आत पोचलात तर लाल तोरींखालून (देवस्थानाच्या कमानींखालून) शांतपणे चालता येतं. देवस्थानामागचा डोंगर 233 मीटरचा. पूर्ण फेरीला दोन-अडीच तास लागतात, पण वाटेतल्या योत्सुत्सुजी या टप्प्यापर्यंतची अर्ध्या-पाऊण तासाची चढण पुरे, शहर तिथूनच दिसतं. खाली उतरून केइहान रेल्वेने कियोमिझु-गोजोला या आणि पायी कियोमिझु-देरा हे बौद्ध देऊळ गाठा (प्रवेश 500 येन). तिथली मुख्य वास्तू 1633 सालची, लाकडी सज्जासह. मग सान्नेनझाका, निनेनझाका या उताराच्या गल्ल्यांतून गिओन ही जुनी वस्ती. तिथल्या खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना बंदी आहे आणि फलकावर 10,000 येनांचा दंड लिहिलेला असतो.

एक भेद लक्षात ठेवा. इनारीसारख्या शिंतो देवस्थानात दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकतात. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे.

बसमध्ये मागच्या दारातून चढा, पुढून उतरताना 230 येन टाका. सुटे नसतील तर चालकाशेजारच्या यंत्रात आधी मोडून घ्या. मोठी नोट ते घेत नाही.

आता जेवण. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मांस वगळतात, पण दाशी राहते. दाशी म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेला कात्सुओ मासा यांचं सार. मिसो सूप, उडोन नूडल्सचा रस, तेम्पुरा या तळलेल्या पदार्थाबरोबरची चटणी, गार सोबा नूडल्स बुडवायचा रस, या सगळ्यांत ती बहुधा असते. पदार्थात मासा दिसत नाही, चवीलाही चटकन कळत नाही, म्हणूनच शाकाहारी माणूस फसतो. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ (मांसही नाही, मासाही नाही) एवढं पुरत नाही. पाठोपाठ ‘कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?’ (कात्सुओची दाशी आहे का?) विचारा. जपानी लिपीत फोनवर लिहून दाखवलंत तर गैरसमज टळतो.

स्वस्तात पोट भरायला काकडीची कप्पा-माकी आणि नात्तोची (आंबवलेल्या सोयाबीनची) नात्तो-माकी या सुशीच्या गुंडाळ्या बऱ्या. नानझेन-जी या देवळाच्या परिसरातला युदोफू, म्हणजे कोंबूच्या पाण्यात उकळलेला तोफू, उत्तम. फक्त सोबतच्या रसाऐवजी साधा शोयू (सोया सॉस) मागा. पैसे साठवून एकदा देवळातलं शोजिन र्‍योरी जरूर खा : बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही नसतो. त्यासाठी आधी जागा राखावी लागते. गोड खायचं तर दालचिनीच्या वासाची यात्सुहाशी ही मिठाई निर्धास्त घ्या.

रीतींचं म्हणाल तर, दारात थांबा, बोटांनी माणसं किती ते दाखवा, बसवतील तिथे बसा. ओला रुमाल हातांसाठी असतो, तोंड पुसायला नाही. भाताची वाटी हातात उचलून खाणं तिथे शिष्टाचाराला धरून आहे, आणि नूडल्स सुर्रकन ओढल्या तरी कोणी वाईट मानत नाही. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. भातात जेवणाच्या काड्या (चॉपस्टिक्स) उभ्या रोवू नका, कारण तसा भात मृतासमोर ठेवतात. आणि काडीतून काडीत घास देऊ नका, कारण दहनानंतर अस्थी तशाच उचलतात.

जेवणाची बरीच दुकानं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी उघडतात आणि शेवटची ऑर्डर बंद होण्याआधीच घेतात, म्हणून बाराच्या आत जेवायला बसा. इझाकायात (जपानी पद्धतीच्या मद्यालयात) न मागता एक छोटी वाटी येते, तिचे काहीशे येन बिलात लागतात. त्यात मासा असू शकतो, तेव्हा बसतानाच सांगा. टिप देत नाहीत. पैसे गल्ल्यावरच्या थाळीत ठेवायचे. निशिकी बाजारात घेतलेलं त्याच दुकानासमोर खाऊन कचरा तिथेच द्या, पुढे कचराकुंडी शोधत फिराल.