शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) पाहिलाय, आता मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांची शर्यत पहिल्यांदा बघायची आहे. काय लक्षात ठेवू?

भाऊ, पटाचा डोळा घेऊन गेलात तर पहिली शर्यत हातची जाईल. माझी गेली. आपल्याकडे जोडी सेकंदावर पळते, घड्याळ काय सांगतं तेच खरं. तिथे सगळे घोडे एकदम सुटतात, जो आधी पोचला तो जिंकला. बराच वेळ ते लांब पलीकडच्या बाजूला असतात, काहीच कळत नाही. दुर्बीण असेल तर न्या. खोगिराखालच्या कापडावरचा आकडा आणि जॉकीच्या (घोडेस्वाराच्या) सदऱ्याचा रंग आधीच ध्यानात ठेवा. तो रंग मालकाचा असतो, जॉकीचा नाही.

मला विचाराल तर खरी मजा पॅडॉकमध्ये. शर्यतीआधी तिथे घोडे फिरवतात. जोडी सुटायच्या आधी आपण बैलाचे पाय, अंगाची चमक बघतो ना, तसंच. उगाच बिथरलेला, घामाने निथळणारा घोडा मी सोडून देतो. (तरी एकदा तसलाच जिंकला!)

पैसे लावायचेच तर घरून निघतानाच आकडा ठरवा. कापसाचे पैसे नेऊ नका.

मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. २४०० मीटरची इंडियन डर्बी ही मोठी शर्यत बहुधा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते, अडीच मिनिटांत खेळ खलास. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्री निघा, दादरला उतरा, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडून महालक्ष्मी स्टेशन.