काकूंसमोर नाटक केलं, आता माझ्यापुरतं ते नाटक उरलेलं नाही

मावशी,
मी २८ वर्षांचा. मूळचा कराडचा, नोकरी हिंजवडीत, राहायला औंधला. माझा मित्र सदाशिव पेठेत आईबरोबर राहतो. आम्ही दोघंही गे आहोत आणि चार वर्षांपासून एकमेकांना ते माहीत आहे, पण आमच्यात तसं काही नव्हतं. दिवाळीनंतर त्यानं आईला सांगितलं. काकूंनी आदळआपट केली नाही, पण रोज रात्री एकच प्रश्न, "माझ्यामागे तुझं कोण?" शेवटी त्यानं 'आहे कोणीतरी' असं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, रविवारी जेवायला आण. त्यानं मला गळ घातली, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, मग ब्रेकअप झालं म्हणून सांगू.

आता आठ महिने झाले. मी वांगं खात नाही म्हणून काकू माझ्यासाठी वेगळी भाजी टाकतात. टीव्ही बघताना तो माझा हात धरतो, खांद्यावर डोकं टेकतो. वाढदिवसाला त्यानं काकूंसमोर मला घड्याळ दिलं. मला डेंगी झाला तेव्हा घरी 'ऑफिसच्या कामाला बाहेरगावी चाललोय' असं सांगून चार रात्री माझ्याकडे राहिला. मी 'फेक डेटिंग'च्या इंग्रजी कादंबऱ्या पुष्कळ वाचतो, त्यांत शेवटी असंच होतं. गौरीजेवणाला काकूंनी बोलावलंय, त्यांची बहीणही येणार आहे. तिथंच सगळ्यांसमोर मनातलं बोलून टाकू का?
तात्पुरता

प्रिय मुला,

'तात्पुरता' म्हणून तुला हाक मारायला माझी जीभ वळत नाही. आठ महिने ज्याच्या ताटाचा कोणी वेगळा विचार करतंय, तो तात्पुरता कसा?

मला येणारी पत्रं बहुतेक उलटी असतात. दोघं खरोखर एकत्र राहत असतात आणि घरमालकासमोर, सोसायटीत, गावाकडून आलेल्या मामासमोर नुसते रूममेट असल्याचं नाटक करतात. पुण्यातल्या झेड ब्रिजवर संध्याकाळी जोड्या गाड्या लावून बसतात, तिथं दोन मुलगे बसले तर कोणी वळूनही बघत नाही. मित्र म्हणून तुम्हाला सगळं गाव मोकळं असतं आणि जोडीदार म्हणून स्वतःचं घरही बंद. तुमच्या वाट्याला एक घर आलं जिथं जोडीदार म्हणून दार उघडलं गेलं, आणि आत शिरलात ते खोटं बोलून. याचं मला वाईट वाटलं. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. त्या माउलीचा प्रश्न खरा होता आणि तिला घाईघाईत बनवलेलं उत्तर मिळालं, म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाकडे. पत्र मी तीनदा वाचलं. हात धरला, डोकं टेकलं, घड्याळ दिलं, हे तू पुरावे म्हणून लिहिलं आहेस. पण यातलं एकूण एक काकूंच्या डोळ्यांसमोर झालंय. ते तुमच्या ठरावातच होतं. त्यावरून काहीही समजू नकोस. मला थांबवलं ते डेंगीच्या वाक्यानं. अरे, नाटकच चालू ठेवायचं असतं तर ते चार दिवस सोन्यासारखे होते! 'त्याला बरं नाही, मी त्याच्याकडे जातोय' एवढं तो म्हणाला असता तर काकूंचा विश्वास दुप्पट झाला असता. त्यानं तसं केलं नाही. ज्या एका माणसासाठी सगळं चाललं होतं, तिच्यापासूनच ते चार दिवस लपवले. का, ते मला माहीत नाही. काकू काळजी करतील, मऊ खिचडी घेऊन औंधला येऊन बसतील, एवढंच कारण असू शकेल. पण प्रेक्षक नसताना माणूस काय करतो ते बघायचं असेल, तर तुझ्याकडे ती चार रात्रींची गोष्ट आहे. तशा आणखी आठव. नसतील तर तेही प्रामाणिकपणे मान.

कादंबऱ्या वाच, जरूर वाच. दोन मुलांच्या प्रेमाचा शेवट गोड होताना वाचायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण त्यात वाचकाला दोघांच्याही मनातलं कळत असतं. नियम ठरले की ते मोडणार, हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. तुला एकाच मनातलं माहीत आहे, तुझ्या. म्हणून गौरीजेवणाला, सगळ्यांसमोर मुळीच बोलू नकोस. हे मी हात जोडून सांगते. तिथं त्याला 'नाही' म्हणायची सोयच नाही. आई बघतेय, मावशी बघतेय, दारात गौरीची पावलं काढलेली. तो 'हो' म्हणेल, आणि ते 'हो' तुला आयुष्यभर तपासत बसावं लागेल.

आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते हीच मोठी. तो तुझ्या उपकाराखाली आहे. तू आठ महिने रविवार दिलेस. त्या ओझ्याखाली माणसाला 'नाही' म्हणणं जड जातं. म्हणून आधी व्यवहार मिटव. त्याला सांग, 'मला हे नाटक यापुढे जमणार नाही. तुझ्यावर राग नाही आणि तू माझं काही देणं लागत नाहीस.' दोन-चार दिवस जाऊ देत. मग दुसरं वाक्य बोल. दोन्ही एका दमात बोललास तर पहिलं धमकीसारखं ऐकू येईल.

बोलायला कॅफे नको, घर तर नकोच. सकाळी वेताळ टेकडीवर जा. चालताना माणसं समोर बघून बोलतात, एकमेकांच्या चेहऱ्यावरचा ताण वाचत बसावं लागत नाही. आणि साध्या शब्दांत बोल. 'काकूंसमोर जे करतो ते मला आता खरंच वाटतं. तुला तसं वाटत नसेल तर मला सांग, मी ऐकेन.' इतकंच. घड्याळाचे, हात धरल्याचे दाखले देऊ नकोस, तो काही आरोपी नाही.

काकूंना खरं कळायला हवं, उत्तर काहीही येवो. पण ते तू परस्पर सांगायचं नाहीस. आई त्याची आहे, खोटं आधी तो बोललाय. तू बरोबर बसायला तयार आहेस, एवढं त्याला सांग. तो 'हो' म्हणाला तर मोह होईल की आता सांगायची गरज काय, सगळं खरंच तर झालं. तरीही सांगा. नाहीतर ती बाई ज्या आठ महिन्यांवर विसंबली, त्यांच्याबद्दल तुम्हा दोघांत कायम एक गुपित राहील.

काकूंचा मूळ प्रश्न मात्र नाटक संपल्यावरही उरतो, आणि तो भाबडा नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ बाबत निकाल दिला, तेव्हापासून दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं गुन्हा राहिलेलं नाही. पण त्याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही. म्हणजे 'माझ्यामागे कोण' याला कायद्याचं पूर्ण उत्तर आज नाही. काही तुकडे आहेत. समलिंगी जोडीदाराबरोबर बँकेत जॉइंट खातं काढायला, त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. मृत्युपत्र करता येतं. आईला हे नीट समजावलं असतं, तर कदाचित कोणालाच जेवायला न्यावं लागलं नसतं. एकटा राहणारा मुलगा म्हणजे निराधार मुलगा नव्हे, हेही तिला त्याच्याच तोंडून ऐकू दे.

तुझ्या पत्रात कराडचा उल्लेख एकदाच आहे. तुझ्या घरी माहीत आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. नसेल तर घाई करू नकोस, पण त्याला ते आधी सांग. त्याच्या घरात तू रविवारी उजळ माथ्यानं जेवणार आणि तुझ्या घरी त्यानं मित्र म्हणून जायचं, हे किती दिवस चालेल ते त्यालाही ठरवू दे.

आणि तो 'नाही' म्हणाला तर? तू मोडशील, ते मी थांबवू शकत नाही. काही दिवस भेटू नका. पण काकूंच्या आयुष्यातून असा नाहीसा होऊ नकोस. त्यांच्या घरचा एखादा डबा अजून तुझ्याकडे असेलच, इतक्या रविवारांत तो न मिळणं शक्य नाही. खरं काय ते त्यांना कळलं, त्यांचा राग थोडा ओसरला, की तो तू स्वतः नेऊन दे. कोणाच्या हाती पाठवू नकोस, आणि रिकामा देऊ नकोस.

तुझी
मावशी