उन्हाळ्यात विदर्भात इकॉलॉजीची फील्ड इंटर्नशिप करावी का? तिथे नेमकं काय काम असतं?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सीचं दुसरं वर्ष संपलंय, गोंदियाकडची दोन महिन्यांची इंटर्नशिप चालून आलीय आणि घरचे म्हणतात, मे महिन्यात तिकडे कोण जातं? घरच्यांचं काही चुकत नाही. तरी जा.

मी याच टप्प्यावर असताना अर्जुनी मोरगाव तालुक्यात मे-जून काढले. आधीच सांगून टाकते, वाघ एकही दिसला नाही. आमचं काम मामा तलावांवर होतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजारी ही गावाचा शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची जुनी पद्धत. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. धानाच्या बांध्यांना पाणी आणि ढिवरांना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला, मासे मात्र अजून तेच देतात.

आता काम. उन्हाळ्यात तलाव आटत जातो, तसतसा उघडा पडलेला तळ मोजायचा. पाळीपासून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधापासून, पाण्याच्या काठापर्यंत दोरी ताणायची. दर दहा मीटरवर एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवायची आणि तिच्या आत कोणती वनस्पती आहे, किती आहे, किती जमीन झाकलीय, हे तक्त्यात भरायचं. आमची प्लास्टिक पाइपची चौकट तिसऱ्याच दिवशी सांध्यांतून निखळली. मग सोबतच्या ढिवर काकांनी बांबूच्या कामट्यांची करून दिली, ती शेवटपर्यंत टिकली.

निम्म्या चौकटींत भेगाळलेल्या मातीशिवाय काहीच नसायचं. तिथे शून्य लिहायचं. रकाना रिकामा सोडला, तर महिन्याने कळत नाही की तिथे काही नव्हतं की आपण बघितलंच नव्हतं. काका हसायचे, "सून्न लिवाले एवढ्या उन्हात आल्या का जी?" मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

माझी सगळ्यात मोठी चूकही तिथेच झाली. काठालगतच्या वाळक्या काड्यांना मी तीन दिवस तक्त्यात 'वाळकं गवत' लिहीत होते. चौथ्या दिवशी मासळी घेऊन निघालेल्या एक काकू थांबल्या. "हे गवत नोहे पोरी, देवधान हाय." खाली बसून त्यांनी मातीच्या भेगेत बोट घातलं आणि एक काळपट दाणा वर काढला, बोटभर लांब कुसळ असलेला. देवधान म्हणजे जंगली भात. पिकला की दाणे आपोआप गळतात, म्हणून बायका ते गळायच्या आत गोळा करतात. कोणी नांगरून पेरलेलं नसतं, म्हणून उपासाला चालतं. मी पुस्तकातली लॅटिन नावं पाठ करून गेले होते आणि पायाखालचं भाताचं बी ओळखू शकले नव्हते. तीन दिवसांच्या चौकटी पुन्हा केल्या. त्यानंतर काकूंना विचारल्याशिवाय 'गवत' हा शब्द लिहिला नाही.

दुसरी मोठी नोंद बेशरमची. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती, तोडून टाकलेला तुकडाही मूळ धरतो. तलावाच्या काठाने ती माजली की पाण्यातल्या वनस्पतींना जागा उरत नाही आणि त्यांच्या आधाराने अंडी घालणाऱ्या माशांची पंचाईत होते. या भागात काही तलावांत ढिवरांनी बेशरम उपटून हायड्रिलासारख्या पाणवनस्पती पुन्हा लावल्यात. असे तलाव आणि बेशरमने भरलेले तलाव यांत फरक किती पडतो, हे आमच्या मोजणीतून बघायचं होतं. पहाटे पक्षी मोजायचो: अडई, हळदीकुंकू बदक, कमळपक्षी. सारस मला दोनदाच दिसले, दोन्ही वेळा जोडी, आणि दोन्ही वेळा मी पेन्सिल हातात धरून नुसती उभी.

हो, पेन्सिल. पेनने लिहिलेलं घामाने फिसकटतं. पहाटे पाचला निघायचं, साडेनऊच्या आत सावलीत यायचं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की दहानंतर फील्डवर थांबणं वेडेपणा आहे, मार्गदर्शक कितीही उत्साही असो. डोक्याला दुपट्टा आणि सोबत मीठ-साखरेचं पाणी हवंच. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही असं तिथे सगळेच मानतात; मी ठेवायचे, न ठेवून वाद कोण घालणार? दुपारी सकाळचे तक्ते कॉम्प्युटरवर चढवा. रात्रीवर टाकलं की आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही.

मे संपेपर्यंत कंटाळा येईल, घरी जावंसं वाटेल. जूनचा पहिला पाऊस बघूनच निघा. पावसानंतर आठवड्याने मी जुन्या दोरीवर परत गेले, तर शून्य लिहिलेल्या कितीतरी चौकटींत हिरव्या सुया वर आल्या होत्या. मेमधली शून्यं नसती तर त्या सुयांचा काही अर्थ लागला नसता.

हो म्हणण्याआधी काही गोष्टी फोनवर न लाजता विचारा. राहायची सोय कुठे, संडास-बाथरूम आहे का, गावातलं कोण सोबत असणार आणि त्याला रोजी मिळते का. काम अभयारण्यात असेल तर वनविभागाची परवानगी हातात आहे का, तेही विचारा. तुमच्या नोंदी वापरून पुढे काही छापलं, तर तुमचं नाव येईल का, हे लेखी घ्या. मानधन नाममात्र आहे म्हणता, तर ते कधी मिळणार हेही. माझं दिवाळीत आलं, तोवर एसटीचं भाडं बाबांच्या खिशातून.